मोजणीवहीतले खारघर : मे महिन्यातील डिस्क गोल्फचे चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

विदर्भ एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्यातून ठाण्याच्या फलाटावर उतरलो आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर एकदम वाफ धरली. नागपुरात मे महिन्यात चष्मा तापतो, कधी कानामागे चटकाही देतो, पण त्यावर वाफ धरल्याचे मला आठवत नाही. काचा पुसून ९ आणि १० नंबरच्या फलाटांकडे गेलो, पनवेलची लोकल पकडली आणि ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ अशी स्थानके मागे टाकत खारघरला उतरलो. खांद्यावरच्या पिशवीत कपड्यांपेक्षा तबकड्यांचे वजन जास्त होते, आणि कपड्यांच्या घडीत माझी जुनी ३० मीटरची टेप व एक कोरी मोजणीवही होती. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षे काढलेला माणूस बहिणीकडे चार दिवस राहायला येतानाही टेप घेऊन येतो, यावर ताई दिवसभर हसत होती.

ताईचा मुलगा कामानिमित्त तीन वर्षे टेक्सासमध्ये होता आणि परतताना त्याने डिस्क गोल्फ हा खेळ सोबत आणला. खेळाची रीत गोल्फचीच आहे, फक्त काठी आणि चेंडू यांच्याऐवजी तबकडी असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेक घ्यायची आणि शेवटी साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटमध्ये ती टाकायची. अशा एका टप्प्याला होल म्हणतात, आणि सगळे होल मिळून कोर्स होतो. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. १९७५ साली कॅलिफोर्नियात एड हेड्रिक या गृहस्थाने पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला आणि साखळ्यांच्या बास्केटची कल्पनाही त्याचीच. त्यापूर्वी लोक झाडांना आणि दिव्याच्या खांबांना तबकड्या मारून समाधान मानत असत. २००२ साली हेड्रिक वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मिसळून काही तबकड्या घडवण्यात आल्या. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो होतो, की आमच्याकडे रामटेकच्या अंबाळा तलावात सोडतात, याने हवेत सोडली.

संध्याकाळी इमारतीच्या आवारात थोडा सराव केला आणि लवकर झोपलो.

दुसरा दिवस, शुक्रवार

पावणेसहाला घरातून निघालो. खारघरचा डोंगर आड येत असल्यामुळे सूर्य उगवल्यानंतरही काही वेळ पायथ्याचा माळ सावलीत राहतो, आणि भाच्याने कोर्स तिथे आखण्याचे मुख्य कारण हेच होते. याआधी त्याने एका उद्यानात प्रयत्न केला होता, पण तिथल्या रखवालदाराने "इथे थाळ्या फेकायच्या नाहीत" असे सांगून त्याला बाहेर काढले. मला रखवालदाराचेच बरोबर वाटते. साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, कडेकडे निमुळती होत गेलेली १७५ ग्रॅमची तबकडी ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने निघते, आणि लहान मुले फिरत असतात तिथे तिचे काम नाही.

आम्ही चौघे होतो : मी, भाचा, त्याच्या इमारतीतील एक शाळाशिक्षिका आणि बेलपाड्याचा एक आगरी तरुण, ज्याच्या टेम्पोतून बास्केट आले. खरे बास्केट एकच, तेही घडीचे. ते नवव्या होलला उभे केले. बाकी आठ लक्ष्ये म्हणजे एक विजेचा खांब, दोन सुबाभळी, गुलमोहोराचे खोड, एक मोडका सूचनाफलक अशी जी मिळाली ती. खोडाला ज्या उंचीवर तबकडी लागली तर धरायची, तिथे शिक्षिकाबाईंनी खडूने पट्टा ओढला होता. बास्केटच्या जाळीची वरची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर असते, म्हणून पट्टाही तिथूनच सुरू झाला. बाईंचे काम चोख होते; माझ्या हाताखाली असत्या तर मी त्यांना नकाशा काढायला बसवले असते.

अंतरे मी पावलांनी मोजली. माझे पाऊल ७६ सेंटिमीटरचे आहे आणि ते ढेकळांतही फारसे बदलत नाही, याचा मला थोडा अभिमान आहे. पाचवा होल एका सपाट खडकापासून एकट्या उभ्या असलेल्या सावरीच्या झाडापर्यंत होता आणि तो ९८ पावले, म्हणजे साडेचौऱ्याहत्तर मीटर भरला. भाच्याच्या मोबाइलने ७१ मीटर दाखवले. त्याने टेप काढायला सांगितले, मी टेप घरी राहिल्याचे सांगितले, आणि वहीत माझाच आकडा लिहिला.

पहिल्या चार होलांत माझ्या एका सवयीचा निकाल लागला. उजव्या हाताने, शरीराच्या डावीकडून हात ओढत आणून फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे वळून उतरते. वेग जास्त असेपर्यंत ती थोडी उजवीकडे कलते आणि मग मागे येते. नागपूरच्या माझ्या मैदानावर हे वळण कुठे सुरू होते ते मला डोळे मिटूनही सांगता येते. इथे तीच तबकडी उजवीकडे जास्त कलली, हवेत जास्त वेळ तरंगली आणि डावीकडे परत यायला उशीर करू लागली. दमट हवा जड असते, म्हणून असे होते, असे तो तरुण म्हणाला. तसे सगळ्यांनाच वाटते, पण पाण्याची वाफ हवेतल्या इतर वायूंपेक्षा हलकी असल्यामुळे दमट हवा उलट किंचित हलकी असते. खरे कारण वेगळे आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, आणि तिथे मी ४४ अंशांत खेळत होतो. खारघर जवळजवळ खाडीच्या पातळीला आणि सकाळी सोळा अंशांनी थंड. उंची, तापमान आणि वाफ या तिघांचा हिशेब मांडला तर इथली हवा नागपूरपेक्षा सात-आठ टक्के दाट निघते, आणि दाट हवेत तबकडीला उचल व वळण दोन्ही अधिक मिळतात. म्हणून पाचव्या होलपासून मी नेम सावरीच्या एक हात डावीकडे धरला आणि काम भागले.

हिशेबात न बसलेली गोष्ट होती बोटे. मोबाइलवर सकाळी सहाला २८ अंश आणि ८४ टक्के आर्द्रता होती. ऊन नव्हते, तरी चौथ्या होलपर्यंत घाम कोपरावरून मनगटात आणि मनगटावरून तबकडीच्या आतल्या कडेत उतरू लागला. तबकडी पकडताना अंगठा वर आणि चार बोटे आतल्या कडेला रुतवलेली असतात. ती पकड शेवटच्या क्षणाला एकदम सुटली तरच तबकडीला फिरकी मिळते. बोट ओले असेल तर पकड अर्धा क्षण आधी सुटते आणि तबकडी डावीकडे भलत्याच झुडपात जाते. उशिरा सुटली तर उजवीकडे जाते, पण ते निदान जोर लावल्याचे लक्षण असते. टॉवेल दोन होलांत ओला झाला. भाच्याकडे त्यासाठी बारीक माती भरलेली एक छोटी पिशवी होती, ती हातात दाबली की घाम टिपला जातो. बेलपाड्याच्या तरुणाने मात्र कबड्डीचा गडी चोळतो तशी पायाखालची माती सरळ तळव्यांना चोळली, आणि सगळ्यांत कमी फेकी त्याच्याच झाल्या.

सव्वासातला सूर्य डोंगरावरून पुढे आला. त्यानंतरच्या तासाभरात दोन गोष्टी मी पहिल्यांदाच अनुभवल्या. नवव्या होलवर तबकडी काढायला हात घातला तर साखळीचा चटका बसला, इतकी ती लवकर तापली होती. दुसरे म्हणजे, उन्हात खडकावर ठेवलेला माझा स्वस्त प्लास्टिकचा पटर, म्हणजे जवळून टाकायची तबकडी, हातात घेतला तर पापडाच्या लाटीसारखा वाकला. पटर मुळात मऊ असतोच, पण वाकलेली कड सरळ उडत नाही. भाच्याच्या महागड्या तबकड्या पॉलियुरेथेनच्या होत्या आणि त्यांना काही झाले नाही. आम्ही उरलेल्या सगळ्या तबकड्या ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवल्या. गाडीत बंद करून ठेवणे सर्वांत वाईट, असे भाचा म्हणाला. टेक्सासमध्ये त्याची एक तबकडी गाडीच्या मागच्या काचेखाली राहून कायमची वेडीवाकडी झाली होती.

साडेआठला खेळ थांबवला. परतताना रस्त्याकडेला ताडगोळे घेतले. साल सोलून तोंडात टाकल्यावर जे गार पाणी फुटते, त्यासाठी नागपूरकराने कोकणपट्टीत यावे. डोंगरावरच्या फणसवाडीकडून उतरलेल्या एका बाईंकडून पळसाच्या द्रोणात करवंदे घेतली, आणि घरी येऊन ताईने केलेले कोकम सरबत तीन पेले प्यालो.

तिसरा दिवस, शनिवार

हा दिवस मी स्वतःच्या हट्टाने बिघडवला, म्हणून तो सविस्तर सांगतो.

आदल्या रात्री जेवताना कूलरचा विषय निघाला. मी ताईला विचारले, की एवढे गरम होत असताना तुम्ही कूलर का लावत नाही, आणि भावजी म्हणाले की इथे कूलर लावला तर खोलीत फक्त पावसाळा तयार होतो. उत्तर विनोदी होते आणि तंतोतंत खरे होते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला, तर पाणी वाळताना उष्णता नेते आणि पारा खाली उतरतो. नागपूरच्या ४४ अंशांत आर्द्रता १५ टक्के असेल तर तो सुमारे २३ पर्यंत उतरतो. म्हणून आमच्या वाळ्याच्या ताट्या आणि कूलर चालतात. खारघरच्या ३५ अंशांत, ५५ टक्के आर्द्रता असताना, तो साडेसत्तावीसच्या खाली जात नाही. माणसाचे अंग हेही ओले फडकेच आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण नाकावरून ठिबकून जमिनीवर पडलेला घाम काहीच नेत नाही. हे सगळे मीच भाच्याला पाटावर बसून समजावले, आणि तरीही सकाळी उठून म्हणालो की ३५ अंश म्हणजे आमच्याकडची मार्चमधली दुपार, आपण साडेदहाला जाऊ.

शिक्षिकाबाईंनी यायला नकार दिला. त्या म्हणाल्या, की १६ एप्रिल २०२३ रोजी याच खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसे उष्माघाताने गेली, तेव्हापासून आमच्या शाळेत दुपारच्या मैदानी तासाला कोणी हो म्हणत नाही. मी त्यावर बोललो नाही, पण मनात हेच आले की ते बसलेले लोक होते, मी उन्हात चालणारा माणूस आहे. हवामान खात्याच्या निकषात किनाऱ्यावरच्या ठिकाणी पारा किमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला तर उष्णतेची लाट धरतात. त्या दिवशी लाट नव्हती, फक्त उष्ण व दमट हवेचा इशारा होता, आणि मी 'फक्त' हा शब्द सोयीने वाचला.

दुसरी चूक वाऱ्याची. शाळेत आपण सगळे खारे वारे आणि मतलई वारे शिकतो : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. अकरापर्यंत खाडीकडून खारा वारा सुटेल आणि समोरून आलेल्या वाऱ्यात तबकडी कशी उजवीकडे उलटते ते अनुभवता येईल, असा माझा बेत होता. वारा साडेबारापर्यंत आला नाही. तोपर्यंत माळावर गवताचे पातेसुद्धा हलत नव्हते आणि मागचा काळा कातळ भट्टीसारखा धग टाकत होता. तिसरी चूक नागपुरी होती. लू लागू नये म्हणून मी डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने घट्ट बांधले होते आणि खिशात कांदा ठेवला होता. कोरड्या झळांत दुपट्टा अंगाचे पाणी राखतो. इथे झळ नव्हतीच, आणि जो थोडा घाम मानेवर वाळला असता त्याचीही वाट त्या कापडाने बंद केली.

पहिले चार होल बरे गेले. पाचव्या होलवर पहिली फेक घेतल्यावर सवयीने पावले मोजत निघालो. सावरीला हात लावला तेव्हा तोंडात आकडा होता १११. मी पुन्हा खडकाकडे पाहिले. खडक तोच होता, सावर तीच, वाट सरळ. काल ९८ भरलेले अंतर आज १११ भरले, म्हणजे ७६ सेंटिमीटरचे माझे पाऊल ६७ वर आले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दमलो असे वाटत नव्हते, पाय दुखत नव्हते, बोलणेही नीट चालले होते. ३१ वर्षांत पावसात, चिखलात, तापातसुद्धा माझे पाऊल एवढे आखडले नव्हते. मी वही काढून १११ लिहायला गेलो आणि पाहतो तो हाताच्या केसांवर काटा उभा होता. त्या उन्हात मला थंडी वाजत होती.

पुढचे भाच्याकडून ऐकलेले जास्त आणि आठवणारे कमी आहे. मी म्हणे "सहावा खेळून मग बसू" असे दोनदा म्हणालो आणि तबकडी सहाव्याच्या उलट दिशेला फेकली. तो तरुण टेम्पोकडून धावत आला आणि मला दंडाला धरून म्हणाला, "मामा, सावलीन बसा." त्याने दुपट्टा सोडला, आंब्याखाली आडवे केले, पाय पिशवीवर उचलून ठेवले आणि दुपट्टाच भिजवून मान व काखांवर ठेवला. भाच्याने ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. दोघांनी दोन बाजूंनी तबकड्यांनी वारा घातला. पंखा म्हणून तबकडी उत्तम आहे, कड हाताला बरोबर बसते. मळमळ अर्धा तास राहिली. घरी ताप मोजला तेव्हा ३८.४ भरला. ४० च्या वर गेला असता आणि बोलणे बरळल्यासारखे झाले असते, तर तो उष्माघात, आणि मग आंब्याखाली न थांबता थेट रुग्णालय गाठावे लागले असते, हे भाच्याने गाडीतच सांगितले होते. फेकीची दिशा चुकली ती बरळण्यातच धरायची का, असे मी विचारले. तो हसला नाही.

ताई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. कांदा तिने कोशिंबिरीत घातला.

चौथा दिवस, रविवार

खेळायचे नाही असे घरात ठरले होते. तरी पाचला जाग आली आणि भाचा बूट घालून उभा होता. आम्ही फक्त पाचवा आणि नववा असे दोनच होल खेळायचे ठरवले. दुपट्टा घरी ठेवला, सैल सुती सदरा घातला, निघण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यालो आणि तळव्यांना माती चोळली.

मतलई वारा डोंगराकडून अगदी हलका येत होता, म्हणजे पाठीमागून. पाठवाऱ्यात तबकडीला उचल कमी मिळते आणि ती लवकर डावीकडे पडते, म्हणून मी नेम थोडा उंच आणि सरळ सावरीवर धरला. पहिली फेक खोडापासून आठ-नऊ मीटरवर पडली. दहा मीटरच्या आत पडलेल्या तबकडीमागून फेकताना तोल सावरल्याशिवाय पाय पुढे टाकता येत नाही. कालच्या माणसाला ते जमले नसते. पटर ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता, त्यामुळे त्याची कड ताठ होती. दुसऱ्या फेकीत तो खडूच्या पट्ट्यावर लागला आणि खाली पडला.

पावले मोजत गेलो होतोच. ९८ भरली.

काल उलट दिशेला गेलेली केशरी तबकडी कोरड्या ओढ्यात करवंदीच्या जाळीत सापडली. ती काढताना भाच्याच्या हातावर चार ओरखडे उठले. नवव्या होलवर साखळ्या अजून गार होत्या आणि त्यांचा आवाज वेगळाच, देवळातल्या लहान घंटांसारखा येत होता. सव्वासातला, डोंगरावर ऊन दिसताच, बास्केटची घडी केली.

दुपारी ताईने डब्यात पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि संध्याकाळी भाचा ठाण्यापर्यंत सोडायला आला. लोकलमध्ये तो पुन्हा म्हणाला, की पाचवा होल ७१ मीटरचाच आहे, मोबाइल तीन वेळा तेच सांगतो. मी म्हणालो, पाऊल ९८ दोनदा आले आहे. गाडी फलाटाला लागल्यावर पिशवीतून टेप काढून त्याच्या हातात दिली आणि बजावले, की खडकाच्या पुढच्या कडेपासून मोज, मधे ढिली सोडू नकोस, आणि सकाळी आठच्या आत मोज.